दादा भाकरी खायचा, मी ब्रेड. आणि आतड्याचा कॅन्सर झाला दादाला

विभाग: आरोग्य आणि आहार
धागाकर्ती: रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४९. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, तो तिथेच राहिला. मी लग्न होऊन पुण्यात आले, वय ४३. गेल्या दिवाळीनंतर दादाला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला. आधी शेक (रेडिएशन) आणि केमो झालं, मग ऑपरेशन. त्याला आता महिना होईल. पोटावर तात्पुरती पिशवी आहे, दोन-तीन महिन्यांनी काढतील म्हणतात. तब्येत सावरतेय, हसतोय, वहिनीवर ओरडतोय, म्हणजे ठीकच.

पण घरात खाण्यावरून रोज सभा भरते. आत्या म्हणते भाकरी कायमची बंद करा, जड पडते, तीच आतड्याला घासली असणार. मावसभाऊ म्हणतो साखर आणि सगळी पिठं बंद, कॅन्सर त्यावरच जगतो. माझी मुलगी मोबाइल दाखवून म्हणते, अगं आई, भरड धान्य खाल्लं की हा कॅन्सर कमी होतो, सगळीकडे लिहिलंय.

आणि माझी गाडी तिथेच अडते. दादा आयुष्यभर शाळूच्या भाकरीवर जगलेला माणूस. पुण्यात येऊन बिघडले मी. सकाळी चहा-खारी, दुपारी कँटीनचं सँडविच, रात्री कुकर लावायचा आणि भात. सगळं खरं असेल तर कॅन्सर मला व्हायला हवा होता. झाला त्याला. मग हे कर्बोदकांचं आणि चोथ्याचं (फायबरचं) जे सांगतात त्यात तथ्य किती? आणि मी आता काय करू?

---

हुरडापार्टी
रानजाई, दादांना लवकर बरं वाटू दे. भाकरी आतड्याला घासते, हे आमच्या आजीचंही मत होतं. ती ९१ वर्षं जगली, रोज दोन भाकऱ्या खाऊन. आत्याबाईंना सांगा.

---

कीटोकाका
तुमचा मावसभाऊ बरोबर बोलतोय. ज्वारी काय, गहू काय, पोटात गेलं की शेवटी साखरच. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोजवर जगतात, पेट स्कॅन (कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) त्याच तत्त्वावर चालतो. कर्बोदकं शून्यावर आणा. मी तीन वर्षं भाकरी-पोळीला हात लावलेला नाही, १४ किलो उतरलो.

---

शल्यक
मी पोटाचा सर्जन आहे. इथे कुणाची केस चालवत नाही, सर्वसाधारण तेवढं सांगतो.

रानजाई, तुमच्या धाग्यात दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. दादांनी सध्या काय खावं, हा एक. ऑपरेशननंतर पोटावर पिशवी असताना काही काळ चोथा मुद्दाम कमी ठेवायला सांगतात. शेंगदाणे, मका, ओलं खोबरं, रेषाळ भाज्या अशा गोष्टींनी पिशवीचं तोंड तुंबू शकतं. म्हणजे आत्याबाई सध्यापुरत्या बरोबर आहेत, कारण चुकीचं असलं तरी. त्यांच्या हॉस्पिटलातले आहारतज्ज्ञ सांगतील तसंच करा, इथले सल्ले दादांना लावू नका. दुसरा प्रश्न निरोगी माणसाला हा आजार होण्याची शक्यता कशाने कमी-जास्त होते. धागा त्यावर चालू दे.

कीटोकाका, पेट स्कॅनचं बरोबर. पण तुम्ही एक दाणा खाल्ला नाहीत तरी तुमचं यकृत ग्लुकोज बनवतंच, रक्तातली साखर शून्य होत नाही. जेवण तोडून गाठीला उपाशी मारता येत नाही. केमो चालू असलेले रुग्ण असलं काही वाचून खाणं सोडतात आणि वजन घटून पुढची सायकल लांबते, हे मी पुष्कळदा पाहतो. १४ किलो उतरलात त्याबद्दल मात्र अभिनंदन, कारण लठ्ठपणा हे या कॅन्सरचं पक्कं कारण आहे.

रानजाई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: सख्ख्या भावाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर भावंडांनी चाळिशीत, किंवा भावाचं जे वय होतं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून दुर्बिणीने तपासणं) करून घ्यायची असते. तुम्ही ४३. म्हणजे वेळ टळून गेलीय. भाकरी की ब्रेड ते नंतर पाहू.

एक विचारू? दादांना रक्त कधीपासून पडत होतं?

---

आकडेमोड
शल्यक यांनी पायाचं सांगितलंच आहे. माझं काम आकडे तपासण्याचं, त्यामुळे "तथ्य किती" हा भाग मी घेतो. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

कीटोकाकांच्या "शेवटी साखरच" मध्ये गल्लत आहे. ज्वारी, मटकी, पेरू ही कर्बोदकं. मैदा, साबुदाणा, सरबत हीसुद्धा कर्बोदकं. पण पहिल्या तिघांबरोबर कोंडा, साल, चोथा असं बरंच काही आत जातं आणि त्यातलं पुष्कळसं लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. दुसऱ्या तिघांतलं जवळजवळ सगळं वरच शोषलं जातं, खाली काही उरत नाही. मोठ्या आतड्याच्या आजाराबद्दल बोलतोय, तेव्हा तिथपर्यंत काय पोचतं हाच प्रश्न आहे.

ही कल्पना ज्याच्या नावावर आहे तो डेनिस बर्किट, आयरिश सर्जन, युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात काम करायचा. लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका लिम्फोमाला (लसीका ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरला) त्याचं नाव आहे. इंग्लंडमध्ये सर्जनच्या टेबलावर सतत येणारे आतड्याचे कॅन्सर आफ्रिकेतल्या खेड्यांत क्वचितच दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९७१ मध्ये त्याने चोथ्याचा सिद्धांत मांडला. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांबरोबर चक्क लोकांचा मल तोलला आणि खाल्लेलं बाहेर पडायला किती तास लागतात ते मोजलं. आफ्रिकेतल्या खेड्यात दीडएक दिवस, ब्रिटिश नौसैनिकांत तीन दिवसांहून जास्त. सकाळी "पोट साफ झालं का" हे घरातल्या प्रत्येकाला विचारणाऱ्या आपल्या समाजाला यात हसण्यासारखं काही वाटू नये.

पण सिद्धांत आवडला म्हणून खरा ठरत नाही. पुढची कथा हिंदोळ्यासारखी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ८८,७५७ परिचारिकांचा १६ वर्षांचा अभ्यास आला: चोथा जास्त खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या बायकांत फरक नाही. २००० साली दोन प्रयोग छापून आले. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवणारी छोटी गाठ, तिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) काढलेल्या लोकांना एकात कमी तेल-तुपाचा, चोथ्याने भरलेला आहार दिला, दुसऱ्यात गव्हाचा कोंडा. तीन-चार वर्षांत पॉलिप पुन्हा उगवण्यात काहीच फरक पडला नाही. बर्किटचं म्हणणं मोडीत निघालं असं तेव्हा वाटलं. मग २००३ मध्ये युरोपातल्या १० देशांतल्या ५ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला आणि तो नेमका उलट बोलला. २०११ मध्ये जगभरचे असे अभ्यास एकत्र केले तेव्हा हिशोब निघाला: रोज १० ग्रॅम चोथा वाढला की धोका सुमारे १० टक्के कमी, आणि रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य असेल तर सुमारे १७ टक्के कमी. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १८५ दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा आला, तोही याच बाजूने. त्यात सगळ्यात जास्त फायदा दिसला तो रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम असं सांगितलंय.

त्या आढाव्यातली अजून एक गोष्ट मला जास्त रस घेण्याजोगी वाटली. ग्लायसेमिक इंडेक्सचा (खाल्लेलं रक्तातली साखर किती झटकन वाढवतं त्या आकड्याचा) संबंध त्यांना फारच क्षीण दिसला. कुठल्या भाताचा इंडेक्स ५५ आणि कुठल्याचा ७० यावर रात्रभर भांडणाऱ्या ग्रुपांना हे कळवायला हवं.

आता प्रयोग "नाही" म्हणतात आणि निरीक्षणं "हो" म्हणतात, असं का? माझं मत: पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारण १० वर्षांचा किंवा जास्त. तीन-चार वर्षं कोंडा खाऊन त्याच्या शेवटच्या टप्प्यात काय दिसणार? पण दुसरी बाजूही खरी: अख्खं धान्य खाणारे लोक बहुधा चालतातही जास्त, सिगारेट कमी ओढतात. आकडेशास्त्राने ते वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पूर्ण निघतंच असं नाही. म्हणून वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाच्या २०१८ च्या अहवालात अख्खं धान्य आणि चोथा "बहुधा रक्षण करतात" या पायरीवर आहेत, "खात्रीने" या पायरीवर नाहीत. खात्रीच्या पायरीवर धोका वाढवणारे आहेत लठ्ठपणा, दारू आणि सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस. कमी करणारा आहे व्यायाम, निदान गुदाशय सोडून बाकी मोठ्या आतड्याच्या बाबतीत.

रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर याच १७ टक्क्यांत आहे. समजा हजार ब्रेडवाल्यांपैकी २० जणांना हा आजार व्हायचा असेल, तर हजार भाकरीवाल्यांपैकी १६-१७ जणांना होईल. तीन-चार घरं वाचली. पण त्या १६-१७ जणांची घरं तुमच्यासारखाच प्रश्न विचारणार: हा तर भाकरी खायचा, मग?

---

हुरडापार्टी
शेवटचा परिच्छेद कापून ठेवला. +१

---

भातखाऊ
म्हणजे आम्ही रत्नागिरीकरांनी काय करायचं? सकाळी मऊ भात, दुपारी भात, रात्री भात. भाकरीसुद्धा तांदळाची. आमच्यात घरटी एकाला व्हायला हवा होता तुमच्या हिशोबाने.

---

आकडेमोड
भातखाऊ, :) भारतात एकूणच हा कॅन्सर कमी आहे. वयाचा फरक काढून टाकला तर आपल्याकडे वर्षाला लाखात ५ च्या आसपास नवे रुग्ण, डेन्मार्क-नॉर्वेत तोच आकडा ३० च्या बराच वर. त्यामुळे घरटी एक कुठेच नाही. पण १४५ कोटींचे लाख मोजायला गेलं की वर्षाला ७० हजारांच्या आसपास माणसं होतात. आणि तुमच्या ताटात भाताबरोबर कुळीथ, वाल, चवळी असायची की नाही? नुसता भात कोण खात होतं?

---

भातखाऊ
कुळथाची पिठी असायची. आता कुणी करत नाही हे खरं.

---

शल्यक
आकडेमोड यांनी "खाली काय पोचतं" म्हटलं, तिथे भर घालतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य जेवण ग्लुकोज नाही. तिथले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल तयार करतात आणि त्या पेशी आपली ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्यातून घेतात. दह्यासारखीच आंबवण्याची क्रिया, फक्त भांडं वेगळं. बिघडलेली पेशी मात्र ग्लुकोजवर झुकलेली असते, तिला ब्युटिरेट नीट जाळता येत नाही, ते आत साठतं आणि तिच्या वाढीला लगाम घालतं. हे प्रयोगशाळेत चांगलं दिसतं. शिवाय चोथ्याने मल पातळ नाही पण भरपूर होतो, वाईट द्रव्यं विरळ होतात, मुक्काम कमी होतो. जेवणात चोथा कमी आणि चरबी-मांस जास्त झालं की जिवाणू पित्ताम्लांचं (पचनासाठी पित्तातून येणाऱ्या आम्लांचं) रूपांतर वेगळ्या, अस्तराला त्रासदायक प्रकारात करतात.

याचा एक सुंदर प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. पिट्सबर्गचे २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताळच्या खेड्यातले २० जण. दोघांची ताटं दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ वर नेला, आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आणला. दोनच आठवडे! अमेरिकनांत ब्युटिरेट अडीच पट झालं आणि ती त्रासदायक पित्ताम्लं ७० टक्क्यांनी उतरली. आफ्रिकनांत ब्युटिरेट निम्मं झालं, पित्ताम्लं चौपट वाढली, अस्तराचा दाहही वाढला. कॅन्सर कुणाला झाला-बरा झाला असा हा अभ्यास नाही, पण भांड्यातलं विरजण किती झटकन बदलतं ते त्यात दिसतं. आणि कीटोकाका, ते आफ्रिकन खेडूत रोज मक्याच्या पिठाचा घाटा हाणत होते. कर्बोदकांनी भरलेलं ताट.

---

कीटोकाका
बरं. पण कोल्ड्रिंक-साखर वाईट हे तरी मान्य करा.

---

आकडेमोड
ते कुठे अमान्य आहे? अमेरिकेतल्याच ९५ हजार परिचारिकांच्या दुसऱ्या गटात २०२१ मध्ये दिसलं की रोज दोन किंवा जास्त ग्लास गोड पेयं घेणाऱ्या बायकांत पन्नाशीच्या आत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण, क्वचित घेणाऱ्यांच्या दुपटीहून थोडं जास्त होतं. फक्त एक अट वाचा: २० हून जास्त वर्षांत केसेस एकूण १०९. एवढ्या थोड्या आकड्यावर मी पैज लावणार नाही, पण पोरांच्या हातातली बाटली काढून घ्यायला एवढं पुरे.

---

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वहिनीला फोन केला. शल्यकदादा, तुम्ही विचारलं होतंत रक्ताचं. ऐकून मी अर्धा तास काही बोलले नाही.

रक्त सव्वा वर्ष पडत होतं. दादाने कुणाला सांगितलं नाही. मग तालुक्याला एकाकडे गेला, ज्याच्या बोर्डावर "मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन" लिहिलंय. त्याने न तपासता मलम आणि पुड्या दिल्या, सात महिने. वजन उतरायला लागलं तेव्हा वहिनीने जबरदस्तीने सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातमोजा घातला, बोटाने तपासलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की हे मूळव्याध नाही.

आणि दुसरी गोष्ट. मी सहज विचारलं, वहिनी, दादा रोज किती भाकऱ्या खायचा गं? ती हसली. म्हणाली, "कसल्या भाकऱ्या? तुम्ही सुट्टीला येता तेव्हा चूल पेटवून थापते मी." दादाचं बी-बियाणांचं दुकान आहे तालुक्याला. सकाळी सात वाजता चहा आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. अकराला दुकानात वडापाव नाहीतर भजी, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी, रात्री नऊला घरी येऊन चपाती आणि भात. रेशनला गहू-तांदूळ येतो, तोच वापरतात. शाळू पेरतात, पण बराचसा विकतात, भाव चांगला येतो, मंगळवेढ्याकडचा म्हणून पुण्या-मुंबईला जातो. म्हणजे आमच्या रानातली ज्वारी मी इथे मॉलमध्ये विकत घेत असेन आणि दादा बिस्किटं खात होता.

तंबाखू तर होतीच. दुकानात बसून बसून पोटही सुटलेलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो अजून मळ्यातल्या बांधावर बसून कांदा फोडून भाकरी खाणारा मुलगा आहे.

---

हुरडापार्टी
हे वाचून गप्प झालो. आमच्या गावातही आता किराणा दुकानात सगळ्यात मोठी मांडणी बिस्किटांचीच असते.

---

शल्यक
रानजाई, एक सांभाळा. वडापाव आणि बिस्किटं कळली म्हणजे दादांच्या आजाराचं कारण सापडलं, असं समजू नका, आणि कृपा करून त्यांना तसं ऐकवू नका. तेच खाणारी शेकडो माणसं त्याच बाजारपेठेत धडधाकट फिरतायत. काही कुटुंबांत जनुकीय कारण असतं. ४९ हे वय लहान आहे, तेव्हा त्यांच्या गाठीवर लिंच सिंड्रोमची (घराण्यात उतरणारा जनुकीय दोष, ज्याने हा कॅन्सर व्हायची शक्यता वाढते) चाचणी झालीय का ते विचारून घ्या. झाली नसेल तर करून मागा. त्यावर तुमची, तुमच्या मुलीची तपासणी कधी-किती हे ठरेल. आपल्याकडचे रुग्ण पाश्चात्यांपेक्षा सरासरीने बरेच तरुण असतात आणि गुदाशयाचं प्रमाणही जास्त दिसतं, त्यामुळे "एवढ्या लहान वयात कसा होईल" हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

मूळव्याधीच्या बोर्डांबद्दल मी बोलायला लागलो तर संपादक प्रतिसाद उडवतील. एवढंच सांगतो: चाळिशीनंतर रक्त पडलं, शौचाची सवय बदलली, पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं, तर आधी तपासणी, मग मलम. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात.

---

टेम्सकाठी
इथे इंग्लंडमध्ये पन्नाशी झाली की पोस्टाने घरी एक किट येतं. काडीने नमुना घ्यायचा, बाटलीत बुडवायचा, पाकिटात घालून परत पोस्टात. दर दोन वर्षांनी. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. पहिल्यांदा आलं तेव्हा ह्यांनी तीन महिने ते टीव्हीखाली ठेवलं होतं, "नंतर करू" म्हणून. भारतात असं काही आहे का?

---

शल्यक
सरकारी पातळीवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. रुग्णांचं प्रमाण पाहता सरसकट करणं आजच्या घडीला परवडणारंही नाही. ज्यांच्या घरात झालाय त्यांनी मात्र वाट पाहू नये.

---

दमलेला_बाबा
मी गेली पाच वर्षं रात्री दोन चमचे इसबगोल घेतो. जेवण काहीही असो. चोथ्याचा कोटा पूर्ण, बरोबर ना?

---

आकडेमोड
बाबा, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. इसबगोलाने बद्धकोष्ठ सुटतं, कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं, त्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या. पण २००० सालीच युरोपात पॉलिप काढलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला होता, ६०० हून जास्त माणसं, एका गटाला रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल, तीन वर्षं. पॉलिप कमी तर झाले नाहीतच, उलट त्या गटात जास्तच निघाले. एका प्रयोगावरून इसबगोल वाईट म्हणणार नाही. पण वरचे जे सगळे चांगले आकडे दिले, ते ताटातल्या चोथ्याचे आहेत, डब्यातल्या भुकटीचे नाहीत.

असंच न पचणाऱ्या स्टार्चचं. लिंच सिंड्रोम असलेल्या ९०० हून जास्त लोकांवर प्रयोग झाला होता, त्यातल्या साधारण निम्म्यांना रोज ३० ग्रॅम देऊन पाहिलं. आतड्याच्या कॅन्सरवर परिणाम शून्य. १० वर्षांनंतर बाकीचे कॅन्सर मात्र त्यांच्यात बरेच कमी निघाले, जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जेवणाचा एक पुर्जा सुटा काढून त्याची पुडी बांधली की ती आपल्या मनासारखी वागत नाही.

---

दमलेला_बाबा
हाय रे. म्हणजे भाजी खावी लागणार.

---

कडबोळं
अखेर माझी पाळी आली. डॉक्टरलोक ग्रॅम सांगतात, ताट कुणी सांगत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते काढून बसलेय.

१०० ग्रॅम कच्च्या धान्यात चोथा: ज्वारी १०, बाजरी-नाचणी-गहू साधारण ११, पॉलिशचा तांदूळ ३ पेक्षा कमी, मैदाही तेवढाच. आता कडधान्यं बघा: मटकी १५, अख्खे मूग १७, अख्खे हरभरे २५! म्हणजे ज्वारी-गव्हाच्या भांडणात सगळे मश्गूल, आणि खरा सावकार कोपऱ्यात बसलाय. पेरूत ८-९.

हिशोब करा. दोन मध्यम भाकऱ्या म्हणजे सव्वाशे ग्रॅम पीठ: १२-१३. वाटीभर मटकीची उसळ, ४० ग्रॅम कोरडी मटकी: ६. एक पेरू: ८. इथेच २६-२७ झाले, भाजी-कोशिंबीर अजून मोजलीच नाही. आणि दिवसभरात २५० ग्रॅम तांदळाचा भात: ७. पातळ वरणाने त्यात फार भर पडत नाही.

दोन गोष्टी अजून. गहू घरचा, दळण गिरणीतलं, आणि मग बायका मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा गायीला. पोळी मऊसूत होते, गाय सुदृढ होते. जाड चाळण घ्या किंवा चाळूच नका, पीठ पाच मिनिटं जास्त भिजू द्या. आणि मल्टीग्रेन, डायजेस्टिव्ह लिहिलेला कुठलाही पुडा उलटा करून घटक वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. पहिलं नाव बहुतेक वेळा मैद्याचंच, फक्त "परिष्कृत गव्हाचं पीठ" असं साळसूद.

उपवासाच्या साबुदाण्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला तो आवडतो.

---

भातखाऊ
मग कुळथाची पिठी परत सुरू करतो. आणि शिळ्या भाताबद्दल काय? तो चांगला असतो असं ऐकलंय.

---

कडबोळं
शिजवून गार झालेल्या भातातलं थोडं स्टार्च न पचणारं होतं हे खरं, पण फार नाही. फोडणीचा भात त्यासाठी नाही, चवीसाठी करावा. रात्री उरलेला लगेच फ्रीजमध्ये टाका, उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो.

अवांतर: एकदम उसळींवर तुटून पडू नका. दहा दिवसांत हळूहळू वाढवा, पाणी प्या, नाहीतर गॅसने घरच्यांचे हाल कराल आणि दोष माझ्यावर.

---

जात्यावरची
शाळूची भाकरी न चिरता थापायची तर पीठ ताजं हवं. महिनाभर ठेवलेल्या पिठाची चिकटाई जाते. शहरातले लोक "आम्हाला जमत नाही" म्हणतात त्यातलं निम्मं जुन्या पिठामुळे. उकळतं पाणी घालून मळा.

---

रानजाई
तीन आठवड्यांनी येतेय. दादाच्या गाठीची लिंचची चाचणी झाली, नाही निघालं. माझी कोलोनोस्कोपी परवा आहे.

तयारीचा कागद हातात दिलाय. वाचून दाखवते: तीन दिवस आधीपासून भाकरी, कोंड्याचं पीठ, कडधान्यं, सालीची फळं, पालेभाजी बंद. चालेल ते: पांढरा भात, ब्रेड, मैद्याची बिस्किटं, गाळलेली डाळ. महिनाभर घरादाराला उसळी चारल्या, चाळणी माळ्यावर टाकली, आणि आता डॉक्टरांनी लेखी दिलंय की भात खा, खारी खा. मुलगी हसून लोळतेय.

---

भातखाऊ
शेवटी आम्हीच जिंकलो!

---

शल्यक
आतडं स्वच्छ दिसावं म्हणून तीन दिवसांपुरतं आहे ते, भातखाऊ. रानजाई, औषधाचं पाणी फ्रीजमध्ये गार करून प्या, घशाखाली उतरतं. शेवटचा ग्लास टाळू नका, सगळे तोच टाळतात.

---

रानजाई
झाली. भुलीत काही कळलं नाही, उठल्यावर भूक तेवढी लागली होती. डाव्या बाजूला एक पॉलिप होता, ७ मिलिमीटरचा. तिथेच काढला, बायोप्सीत साधा ॲडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी, पण आत्ता साधी गाठ) आला, कॅन्सर नाही. पुढची कधी ते सांगणार आहेत.

दादाला फोन केला. आधी काही बोलला नाही, मग म्हणाला, "बरं झालं गेलीस." त्याची पिशवी पुढच्या महिन्यात काढतायत. त्याने डॉक्टरांना विचारलं, भाकरी कधीपासून? वहिनीने म्हणे यंदाचा शाळू विकायला काढलाच नाही, कणगीत ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, आधी काही आठवडे मऊ भात, मग बघू.

---

भातखाऊ
:) दादांना मऊ भातावर घालायला आमच्याकडून घरचं तूप. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.